गोल्फ स्विंगचा पाया: नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रायव्हिंग रेंजवर नव्याने येणारी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवले आहेत. सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

चांगला स्विंग म्हणजे नेमकं काय?

क्लबफेस (गोल्फच्या काठीचा, म्हणजे क्लबचा, चेंडूला लागणारा सपाट भाग) चेंडूपाशी दर वेळी जवळपास त्याच दिशेला तोंड करून, त्याच उंचीवर आणि पुरेशा वेगाने पोचला की स्विंग चांगला. तो दिसतो कसा, हा फार पुढचा प्रश्न. अमेरिकन खेळाडू जिम फ्युरिकचा स्विंग एकदा बघा. त्याचा क्लब जवळजवळ सरळ वर जातो आणि मोठा वळसा घेऊन भलत्याच वाटेने खाली येतो. कुठलाही प्रशिक्षक मुलांना असं शिकवणार नाही. पण त्याच स्विंगने फ्युरिक २००३ ची यूएस ओपन जिंकला आणि २०१६ मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपमध्ये त्याने १८ होल ५८ फटक्यांत पूर्ण केले. पीजीए टूरवर तोवर कुणीच इतक्या कमी फटक्यांत फेरी संपवली नव्हती. बाकी वाट कशीही असो, चेंडूपाशी येताना त्याचा क्लब जिथे हवा तिथेच असतो.

क्लब आणि चेंडू एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटलेले असतात. एवढ्या वेळात हातांनी काही सुधारणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. जे काही करायचं ते आधीच करून ठेवावं लागतं, आणि त्यातला मोठा भाग क्लब हलण्यापूर्वीचा आहे: ग्रिप, उभं राहण्याची ढब, चेंडूची जागा, नेम. नवशिक्यांना या चार गोष्टींचा कंटाळा येतो, हे मी रोज बघतो. तरीही पहिला महिना यांच्यावरच घालवा असं मी आग्रहाने सांगेन.

चेंडू डावीकडे किंवा उजवीकडे का जातो?

चेंडू कुठल्या दिशेने निघतो हे मुख्यतः क्लबफेस ठरवतो. आयर्नच्या (मधल्या अंतराच्या, लोखंडी डोक्याच्या क्लबच्या) बाबतीत साधारण तीन चतुर्थांश वाटा फेसचा असतो, ड्रायव्हरच्या (सगळ्यांत लांब मारायच्या क्लबच्या) बाबतीत त्याहून जास्त. हवेत चेंडू वळतो कुठे, हे फेसची दिशा आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर अवलंबून असतं. फेस मार्गाच्या उजवीकडे उघडा असेल तर चेंडू उजवीकडे वळणार, डावीकडे बंद असेल तर डावीकडे. जुन्या शिकवणीत हे उलटं सांगितलं जायचं: चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेला वळतो. रडारवर चालणारी मोजणीयंत्रं आल्यावर ती समजूत मागे पडली, पण गोल्फच्या संस्थांमध्ये वयस्कर सल्लागारांकडून ती अजून ऐकू येते.

हे नीट समजून घ्या, कारण मग तुमचा प्रत्येक फटका तुम्हाला काहीतरी सांगू लागतो. चेंडू लक्ष्याच्या डावीकडे निघून उजवीकडे वळला, तर क्लब बाहेरून आत (लक्ष्यरेषेच्या पलीकडून आपल्या बाजूला) आला आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा होता. चेंडू सरळ रेषेत पण थेट उजवीकडे गेला, तर मार्ग आणि फेस दोन्ही उजवीकडे होते; अशा वेळी आधी आपण उभे कुठे तोंड करून होतो ते तपासा. (फेसच्या मधोमध न लागलेला चेंडू हा हिशेब बिघडवतो, विशेषतः ड्रायव्हरने. फेसवर पायाला लावायची पावडर मारून ठेवली की चेंडू कुठे लागला त्याचा ठसा दिसतो.)

ग्रिप नेमकी कशी धरायची?

क्लबची खालची कड लक्ष्यरेषेला काटकोनात ठेवा. डावा हात अंगाशी सैल सोडा. तो आपोआप थोडा आत वळलेला असतो. तेवढाच वळलेला ठेवून क्लबवर आणा. दांडा करंगळीच्या मुळापासून तिरका निघून तर्जनीच्या मधल्या पेरापाशी आला पाहिजे. मग तळहाताची मनगटाजवळची जाड उशी दांड्याच्या वरच्या बाजूला टेकवा. अंगठा दांड्याच्या बरोबर मध्यावर नको, किंचित उजवीकडे असू द्या. आता खाली पाहिलंत तर डाव्या मुठीची दोन, फार तर अडीच हाडं दिसावीत, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली खाच उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी.

इथे एक चाचणी करा. बाकीची बोटं सोडून फक्त तर्जनीचा आकडा आणि ती उशी यांच्यात क्लब धरून उचला. तो तोलला गेला तर क्लब बोटांत आहे. घसरला तर तो तळहातात गेला आहे, आणि तळहातात धरलेल्या क्लबला मनगटं नीट वळवता येत नाहीत.

उजवा हातही बोटांनीच धरतो. मधली दोन बोटं मुख्य काम करतात. उजव्या तळहाताची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर बसवून तो पूर्ण झाका. उजव्या हाताची खाचही हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या दरम्यान रोखलेली हवी. दोन्ही खाचा साधारण समांतर असतील तर हात एकत्र काम करतात. एक इकडे आणि एक तिकडे असेल तर ते एकमेकांशी भांडतात.

ग्लोव्ह कुठे झिजतो यावरही लक्ष ठेवा. त्याच मनगटाजवळच्या उशीवर भोक पडू लागलं असेल, तर क्लब तळहातात आहे किंवा स्विंगमध्ये हातात सरकतो आहे. आठवड्याला एक ग्लोव्ह फाडणाऱ्यांनी ग्लोव्हच्या कंपनीला दोष देण्याआधी हे बघावं.

ओव्हरलॅप, इंटरलॉक की दहा बोटांची ग्रिप?

हाताला जी आरामशीर वाटेल ती. ओव्हरलॅपमध्ये उजवी करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर बसते. सहा वेळा द ओपन जिंकलेल्या हॅरी व्हार्डनच्या नावाने ती ओळखली जाते. इंटरलॉकमध्ये उजवी करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकांत अडकवतात. जॅक निकलस आणि टायगर वूड्स असंच धरतात. लहान हात, कमी ताकद किंवा संधिवात असेल तर दहाही बोटं दांड्यावर ठेवायला काहीच हरकत नाही. या निवडीवर दोन मिनिटांपेक्षा जास्त विचार करू नका.

क्लब किती घट्ट धरायचा?

दहापैकी चार इतका जोर. त्यातला बराचसा डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांत असावा. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू ताणलेले दिसत असतील तर सैल करा.

आपल्याकडे दमट हवेत यात एक खरी अडचण येते. घामाने हात निसटतो म्हणून माणूस नकळत मूठ आवळतो, आणि स्विंगच आखडतो. उपाय साधा आहे: मे ते सप्टेंबर दोन-तीन ग्लोव्ह आलटून पालटून वापरा, कोरडा टॉवेल बॅगेला अडकवा आणि रबराच्या ग्रिपा महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने घासून धुवा. तेलकट, चकाकणारी ग्रिप कितीही चांगल्या हाताला घट्ट धरायला लावते.

उभं कसं राहायचं?

७ नंबरच्या आयर्नसाठी पावलं खांद्यांइतकी फाकवा. वाकायचं ते खुब्यातून. पाठीला कुबड काढून नको. गुडघे नुसते मोकळे करा. वजन तळव्याच्या मध्यावर, टाचेवर नाही आणि चवड्यावरही नाही. हात खांद्यांपासून सरळ खाली लोंबू द्या आणि जिथे ते येतात तिथेच क्लब धरा. क्लबच्या वरच्या टोकात आणि मांड्यांत एक वीत किंवा त्याहून थोडं कमी अंतर राहतं. उजवा हात डाव्याच्या खाली असल्यामुळे उजवा खांदाही थोडा खाली येतो, तो मुद्दाम वर आणू नका.

बहुतेक लोक चेंडूपासून फार लांब उभे राहतात आणि मग त्याच्याकडे हात लांबवतात. आरशासमोर बाजूने उभं राहून पाहिलंत तर एका क्षणात कळेल.

चेंडू पायांच्या मानाने कुठे ठेवायचा?

वेजला (चेंडू उंच आणि जवळ टाकायच्या क्लबला) मध्यावर, ७ नंबरला मध्याच्या किंचित डावीकडे, ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत. ड्रायव्हरची टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) इतकी उंच की जमिनीवर ठेवलेल्या क्लबच्या वर निम्मा चेंडू दिसावा.

नेम नीट लागतो आहे हे कसं कळणार? कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला) मागे उभं करू का?

चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्याकडे बघा आणि त्या रेषेत चेंडूच्या पुढे हातभर अंतरावर एखादं वाळकं पान किंवा तुटकी टी शोधा. आधी क्लबफेस त्या खुणेकडे लावा, मग पावलं. पावलांची रेषा लक्ष्याकडे जात नाही, लक्ष्यरेषेला समांतर आणि तिच्या डावीकडे असते. पावलंच लक्ष्यावर रोखणारे नकळत उजवीकडे तोंड करून उभे राहतात, आणि मग चेंडू परत आणायला क्लब आडवा ओढतात.

सरावात जमिनीवर काठी ठेवून हे तपासता येतं. खेळताना मात्र नेमासाठी काही ठेवून फटका मारणं नियमाविरुद्ध आहे. आणि २०१९ पासूनच्या नियमांनुसार तुम्ही स्टान्स घ्यायला (फटक्यासाठी उभं राहायला) लागल्यापासून फटका होईपर्यंत कॅडीने मुद्दाम तुमच्या मागे, खेळाच्या रेषेत उभं राहायचं नाही. आपल्याकडचे जुने कॅडी नेम फार छान सांगतात, पण त्यांच्याकडून तो आधी विचारून घ्या.

बॅकस्विंग (क्लब मागे वर नेणं) किती लांब हवा?

छाती जितकी वळेल तितका. तरुण, लवचीक माणसाचे खांदे साधारण ९० अंश वळतात आणि कंबर त्याच्या निम्मी. पन्नाशीतल्या, दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाने ७० अंशांवर समाधान मानलं तरी उत्तम गोल्फ खेळता येतं. छाती थांबल्यावर हात पुढे जात राहिले, की डावं कोपर मोडतं, क्लब डोक्यामागे लोंबकळतो आणि खाली येताना सगळा हिशेब चुकतो.

डावा हात लांब असावा, ताठ नसावा. तो जमिनीला समांतर येईपर्यंत मनगटं दुमडून दांडा हाताशी साधारण काटकोन करतो. शरीर आखडलेलं असेल तर डावी टाच उचलू द्या. निकलसने आयुष्यभर उचलली.

डाउनस्विंग (क्लब खाली चेंडूकडे आणणं) कुठून सुरू होतो?

पायांतून. वर क्लब पोचता पोचताच वजन डाव्या पायावर यायला लागतं, कंबर उघडते, मग छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी क्लबचं डोकं. ज्यांनी शेतावर गोफण फिरवणारा माणूस पाहिला आहे त्यांना हे पटकन कळेल: तो दगड ढकलत नाही, हात पुढे नेतो आणि दोरीला मागून येऊ देतो, वेग टोकाला आपोआप तयार होतो. गोल्फमध्ये तुमची मनगटं त्या दोरीच्या जागी आहेत. ती वरूनच उलगडलीत तर सगळा वेग चेंडूच्या आधीच खर्च होतो, आणि फटक्याचा आवाजही मग मेलेला येतो.

हे सगळं एका स्विंगमध्ये आठवणं शक्य नाही. म्हणून मी फक्त शेवट तपासायला सांगतो. फटका झाल्यावर पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे, उजव्या पायाचा फक्त चवडा जमिनीला, सगळं वजन डाव्या पायावर, आणि चेंडू पडेपर्यंत तोल सांभाळून उभं राहता आलं पाहिजे. तसं राहता आलं तर मधलं बरंचसं ठीक झालेलं असतं.

आयर्नने चेंडू वर उडत नाही. खालून उचलू का?

उचलायला गेलात की तो जमिनीवरून सरपटणार. वर नेण्याचं काम क्लबच्या लॉफ्टचं, म्हणजे फेसच्या मागे कललेल्या कोनाचं आहे. ७ नंबरच्या फेसला ३० अंशांच्या आसपास लॉफ्ट असतो, पिचिंग वेजला ४५ च्या जवळपास. तुम्ही क्लब खाली उतरत असताना चेंडूला लावायचा आणि मग गवत घ्यायचं. चांगल्या खेळाडूच्या स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या ८ ते १० सेंटीमीटर पुढे असतो, म्हणून त्याचा डिवट (क्लबने उकरलेला गवताचा तुकडा, त्याची खूण) नेहमी चेंडूच्या पुढे दिसतो.

यासाठी एक सराव सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. गवतावर चुन्याची किंवा बंकरच्या वाळूत बोटाने एक सरळ रेघ ओढा, लक्ष्यरेषेला काटकोनात. रेघ पायांच्या मध्याच्या किंचित डावीकडे येईल असं उभं राहा आणि चेंडूशिवाय स्विंग करा. क्लब जमिनीला कुठे लागला? रेघेवर किंवा तिच्या पुढे लागला तर ठीक. मागे लागला तर तो फटका डफ झाला असता, म्हणजे क्लब चेंडूआधी जमिनीत गेला असता. सुरुवातीला खुणा रेघेच्या वीतभर मागे पसरलेल्या दिसतात. वजन डावीकडे नेत नेत त्या पुढे सरकवत जा. दहा स्विंग, मग एक पाऊल बाजूला, पुन्हा दहा. वाळूत हे करताना प्रत्येक स्विंगचा पुरावा डोळ्यांसमोर राहतो, त्यामुळे कुणी समजवायची गरज उरत नाही.

ड्रायव्हरला हे लागू नाही. चेंडू टीवर आणि पुढे असल्यामुळे क्लब तिथे खालचा बिंदू ओलांडून सपाट किंवा किंचित वर जाताना लागलेला चालतो.

सगळे ओरडतात, डोकं खाली ठेव. बरोबर आहे का?

अर्धवट. चेंडूच्या डोक्यावर फटका बसला की शेजारचा हमखास म्हणतो, वर पाहिलंस! खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: कंबर चेंडूकडे पुढे सरकली आणि पाठ उभी झाली, वजन उजव्या पायावरच राहिलं, किंवा हात आखडले. डोकं त्याच्यासोबत वर आलेलं असतं, एवढंच. अनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड ड्युव्हल या दोघांचं डोकं तर चेंडूला क्लब लागता लागताच लक्ष्याकडे वळलेलं असायचं, आणि अनिकाने दहा मेजर (सगळ्यांत मोठ्या) स्पर्धा जिंकल्या. हनुवटी छातीला दाबून धरलीत तर खांद्यांना वळायला जागाच राहत नाही. डोळे चेंडूवर असू द्या, हनुवटी उचललेली असू द्या, आणि फटक्यानंतर डोक्याला शरीरासोबत फिरू द्या.

लहानपणापासून क्रिकेट खेळलोय. त्याचा फायदा की तोटा?

दोन्ही, आणि आपल्याकडे शिकायला येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे लागू पडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फायदा मोठा आहे. डावा हात वर, उजवा खाली, ही मांडणी तुमच्या अंगात आहे. चेंडूवर डोळा स्थिर ठेवायची सवय आहे. फटका पायांतून येतो हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. पुल मारताना शरीर ज्या तऱ्हेने डाव्या बाजूभोवती फिरतं, ते गोल्फच्या फिरण्याला सगळ्यांत जवळचं आहे.

अडचण ड्राइव्हची आहे. सरळ बॅटने खेळताना डावं कोपर उंच राहतं आणि बॅटचा चेहरा शक्य तितका वेळ गोलंदाजाकडे धरून ठेवायचा असतो. हीच शिस्त गोल्फमध्ये आणलीत तर फेस बंद व्हायची वेळ येते तेव्हा तो उघडाच राहतो, डावं कोपर बाहेर मोडतं आणि चेंडू उजवीकडे वाकत जातो. गोल्फमध्ये दोन्ही हातांनी फटक्यातून जाताना वळायचं असतं; फटक्यानंतर उजवा हात डाव्याच्या वर आलेला दिसला पाहिजे.

दुसरं, बॅट जवळजवळ उभ्या पातळीत फिरते आणि गोल्फ क्लब तिरक्या. क्रिकेटपटू क्लब सरळ वर उचलतो आणि सरळ खाली कुऱ्हाडीने घाव घालतो. यावर मी हा सराव देतो: क्लब कमरेच्या उंचीवर आडवा धरून डावी-उजवीकडे फिरवा, पाच वेळा. मग खुब्यातून थोडं वाकून गुडघ्याच्या उंचीवर, पाच वेळा. मग गवतावर. छातीभोवती फिरण्याची तीच जाणीव खालपर्यंत आणायची.

तिसरं, फुल लेंथ चेंडूला आपण पुढे जाऊन भेटतो. गोल्फमध्ये वजन पुढे जातं पण डोकं चेंडूच्या पुढे जात नाही. डोकं पुढे गेलं की फेस उघडा राहतो आणि चेंडू खालच्या उंचीवर उजवीकडे सुटतो.

आणि शेवटचं: क्रिकेटमध्ये चेंडू तुमच्याकडे येतो, त्यामुळे विचार करायला वेळ मिळत नाही. इथे तो शांत पडून असतो, आणि भले भले फलंदाज त्याच्यावर उभे राहून गोठतात. क्लब हलकेच मागे-पुढे हलवा, एकदा लक्ष्याकडे बघा, आणि परत चेंडूकडे नजर आली की निघा. दर वेळी तेवढाच वेळ.

बॅटिंग डाव्या बाजूने करतो, बाकी सगळं उजव्याने. कुठून खेळू?

दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास मारून बघा. फिल मिकलसन बाकी सगळ्यात उजवा आहे, पण लहानपणी वडिलांसमोर उभं राहून आरशातल्यासारखी नक्कल करत तो डाव्या बाजूने शिकला. आपली दीक्षा डागर डावीकडून खेळते आणि लेडीज युरोपियन टूरवर तिने स्पर्धा जिंकल्या आहेत. एवढं ध्यानात घ्या की आपल्या रेंजवर भाड्याने मिळणारे डावे क्लब फार कमी असतात, आणि दुकानातही निवड कमी.

माझा चेंडू नेहमी उजवीकडे वाकतो. स्लाइस कसा जाईल?

आधी ग्रिप. डाव्या मुठीचं एकच हाड दिसत असेल तर हात उजवीकडे वळवा, दोन-अडीच दिसू द्या. सुरुवातीला फार विचित्र वाटेल. मग स्टान्स: स्लाइसवाला भीतीने डावीकडे तोंड करून उभा राहतो, त्यामुळे क्लब आणखी बाहेरून आत येतो आणि स्लाइस वाढतो. चक्र तिथेच तोडायचं. त्यानंतर चेंडूच्या उजवीकडे, थोडा बाहेर एक हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावर घालायची टोपी) ठेवा आणि त्याला न लागता आतून येऊन मारा.

वेजने सरळ जातो आणि ड्रायव्हरने वाकतो, याचा अर्थ तुमचे दोन स्विंग आहेत असा नाही. लॉफ्ट कमी असला की फेस आणि मार्ग यांतला तेवढाच फरक चेंडूला कितीतरी जास्त वाकवतो. म्हणून स्लाइसवरचं काम ७ नंबरने करा आणि ड्रायव्हर महिनाभर बॅगेत राहू द्या.

रेंजवर उत्तम लागतात, मैदानावर नाही. असं का?

बरंचसं मॅटमुळे, म्हणजे रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या चटईमुळे. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन-तीन सेंटीमीटर मागे पडला तरी घसरून पुढे जातो आणि फटका बरा दिसतो. तोच फटका पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर मारलात तर क्लब मातीत रुततो आणि चेंडू पावलापुढे पडतो. एप्रिल-मेमध्ये घाटमाथ्यावरच्या दगडासारख्या जमिनीवर तोच क्लब उसळून चेंडूच्या मध्यावर लागतो. मॅट खोटं बोलते, गवत नाही. आठवड्यातून एकदा तरी गवतावर किंवा वाळूत रेघेचा सराव करा. मॅटवर मारताना आवाज ऐका: आधी चेंडूचा टणका आणि मग मॅटचा थाप, हा क्रम हवा.

दुसरं कारण, रेंजवर तुम्ही एकाच क्लबने, एकाच लक्ष्यावर, सलग मारता. मैदानावर सलग दोन फटके सारखे कधीच नसतात. बादलीतले शेवटचे वीस चेंडू दर वेळी क्लब आणि लक्ष्य बदलून मारा, प्रत्येक फटक्याआधी मागे जाऊन नेम लावा.

स्विंगचा वेग किती ठेवायचा?

चांगल्या खेळाडूंमध्ये बॅकस्विंगला लागणारा वेळ हा डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट असतो, मग त्यांचा स्विंग बघायला संथ वाटो की झपाट्याचा. मनात एक-दोन-तीन म्हणत वर जा आणि चारला चेंडूवर या. नवशिक्या घाई करतो ती वरून खाली वळताना. पावलं जुळवून उभं राहून अर्धे स्विंग मारले की घाई लगेच उघडी पडते, कारण तोल जातो.

घरच्या घरी काय करता येईल?

ग्रिप. टीव्ही बघताना क्लब हातात घ्या, धरा, सोडा, परत धरा. आरशासमोर स्टान्स. पंखा आणि छत सांभाळून छातीचं वळण, क्लब छातीवर आडवा धरून. पटिंग (चेंडू होलकडे घरंगळवणं) तर फरशीवरही होतं. यूट्यूब बघायला हरकत नाही, मात्र एका वेळी एकच प्रशिक्षक आणि एकच मुद्दा. मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढाल तेव्हा कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि पायांच्या रेषेत, मागून धरा. तिरक्या कोनातून चांगला स्विंगसुद्धा वाकडा दिसतो.

प्रोकडे (व्यावसायिक प्रशिक्षकाकडे) शिकवणी लावायची तर सुरुवातीलाच लावा. चुकीची ग्रिप वर्षभर मुरल्यावर बदलायला जास्त त्रास होतो.

पाठ आणि कोपर दुखतं. खेळणं सोडावं का?

दुखणं असताना फटके मारत राहू नका, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. गोल्फ खेळणाऱ्यांची सगळ्यांत जास्त दुखते ती कंबर, आणि त्याला बऱ्याचदा न वळणारे खुबे कारण असतात: खुबा वळत नाही म्हणून मणका वळतो. कोपराचं दुखणं कडक मॅटवर जोरात आपटल्याने आणि मूठ आवळल्याने वाढतं. गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर काढण्याची सवय मात्र आजच सोडा. दहा मिनिटं अंग मोकळं करून वेजने सुरुवात करा.

ताकद नाही, चेंडू लांब जात नाही. काही अर्थ आहे का?

भारताच्या अदिती अशोककडे बघा. बरोबरीच्या खेळाडूंच्या तुलनेत तिचे ड्राइव्ह बरेच आखूड असतात. तरी टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं, आणि ते सगळं तिने अचूक अप्रोच (ग्रीनकडे, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीकडे, मारलेले फटके) आणि विलक्षण पटिंग यांच्या जोरावर केलं. कोलकात्याचा एसएसपी चौरसिया रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या माळ्याचा मुलगा. ग्रीनभोवतीच्या कौशल्यामुळे सोबती त्याला चिप आणि पट या छोट्या फटक्यांवरून चिपपुट्सिया म्हणत. त्याने इंडियन ओपन २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली. रेंजवरचा निम्मा वेळ अर्ध्या आणि पाव स्विंगला द्या. पूर्ण स्विंगचा गाभा त्यातच आहे: वजन डावीकडे, हात पुढे, चेंडू आधी.

क्लबचा पूर्ण सेट घ्यायलाच हवा का?

नाही. नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात, शिकायला पाच पुरतात: ७ नंबर, ९ नंबर, सँड वेज, एक हायब्रिड आणि पटर. वापरलेले घ्या. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाशेजारच्या वस्तीतली पोरं, ज्यांत बरेच कॅडी आहेत, सळ्या वाकवून केलेल्या क्लबनी गल्लीबोळात खेळत आली आहेत. लहान मुलांना मात्र मोठ्यांचा क्लब कापून देऊ नका. तो जड आणि ताठ राहतो, आणि तो पेलण्याच्या नादात मुलाची ग्रिप बिघडते. त्यांच्यासाठी हलके क्लब मिळतात.

मैदानावर कधी उतरू?

दहातले सहा-सात चेंडू ७ नंबरने हवेत जाऊ लागले की उतरा. स्विंग पक्का होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर तो दिवस येत नाही. बऱ्याच क्लबांना सदस्यत्व किंवा सदस्याची ओळख लागते. सिडकोने उभारलेलं खारघरचं मैदान मात्र सर्वसामान्यांसाठी आहे. तिथे किंवा तुमच्या जवळच्या मैदानावर गर्दी नसलेल्या दुपारी नऊ होल खेळा. हँडिकॅपची (कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची) मर्यादा आता ५४ पर्यंत आहे, त्यामुळे सुरुवातीचा कच्चा खेळही मोजण्यात बसतो. एका होलवर दहा फटके झाले की चेंडू उचला, मागच्या गटाला पुढे जाऊ द्या, आणि आपला डिवट परत बसवून पायाने दाबा.